अर्थमितीला दहा जण

पदवीची चार वर्षं सिल्लोडला काढून मी एम.ए.ला शहरात आले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, आणि हे सांगताना मला कधी संकोच वाटला नाही. चार वर्षांची पदवी असली की एम.ए. आता एकाच वर्षाचं. पहिल्याच आठवड्यात अर्थमिती की कृषी अर्थशास्त्र ते ठरवायचं, मग वर्षभर तेच.

मला अर्थमिती, म्हणजे आकडे मांडून अर्थशास्त्र तपासायचा विषय, हवी होती. चौथ्या वर्षी प्रकल्पासाठी पावसाचे आणि बाजार समितीतल्या कापसाच्या आवकेचे आकडे मी संगणकात घातले होते. त्यांचं एकमेकांशी नातं पडद्यावर निघालं, तेव्हा हे काम आपल्याला जन्मभर करता येईल असं पहिल्यांदा वाटलं. गणित मात्र कच्चं होतं.

विभागप्रमुख सर वर्गात म्हणाले, "खेड्यावरून आलेल्यांनी कृषी घ्यावं. निम्मा अभ्यास घरीच झालाय तुमचा." वर्ग हसला. मला राग आला. बापाच्या शेतात निंदलं म्हणजे दुसरं काही शिकायचंच नाही का?

संध्याकाळी आप्पांना फोन केला. वडिलांना विचारल्याशिवाय मी आजवर काही केलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, की बाकीचे काय घेऊ लागलेत. कृषी, मी म्हटलं.

"मंग ते नको. समद्यांनी मका लावला की भाव पडतो. कमी लोक जिकडं, तिकडं जाय."

मला ते लई पटलं. पुस्तकातही हेच होतं. मी अर्थमिती लिहून दिली.

आम्ही चौघंच निघालो. अर्थमितीला कायम शिक्षक नाही, तासिका तत्त्वावरचे सर येतात, आणि दहा विद्यार्थी असल्याशिवाय त्यांचे तास मंजूर होत नाहीत. हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माल कमी आला तर बाजारात भाव चढतो, इथं विषयच बंद पडतो. आणखी सहा नावं मिळवायला मी होस्टेलच्या खोल्या फिरले. कृषीच्या नोट्स गेल्या वर्षीच्या मुलींकडून आयत्या मिळत होत्या. सोयगावची माझी रूममेट म्हणाली, "बाई, एका वर्षात मी गणित शिकू का स्थळं टाळू?" सगळ्या हसल्या. नाव कुणी दिलं नाही. शेवटी तासिकेवाल्या सरांकडं गेले, तर तेच म्हणाले, माझ्या भरवशावर राहू नको, पुढच्या सत्रात मी असेन का ते मलाच माहीत नाही.

विषय बंद झाला. कार्यालयात आम्हाला अर्ज लिहायला लावला, की मी स्वेच्छेने कृषी अर्थशास्त्र घेत आहे. बाकी तिघांनी लिहून दिला. मी 'स्वेच्छेने' गाळून दिला. क्लार्कनं तो परत सरकवला.

"तो शब्द लागतोच, ताई. नसता परीक्षेचा फॉर्म भरता येत नाही."

"पण मी स्वेच्छेनं घेत नाहीये."

"कोण घेतंय?" ते म्हणाले आणि कोरा कागद पुढं केला.

व्हरांड्यात उभी राहून मी पुन्हा लिहिलं, त्या शब्दासकट.

दोन दिवस घरी फोन केला नाही. मग आप्पांचाच आला. कमी गर्दीचं तेच मिळालं ना, त्यांनी विचारलं. मी व्हय म्हणाले.

"बरं झालं. म्या सांगितलं तेच खरं निघालं."

समोरच्याचं बोलणं खोडून काढायला मला एरवी वेळ लागत नाही. त्या दिवशी मी फक्त जेवलात का, एवढं विचारलं.