कडू दुधी

भोपाळ स्टेशनाबाहेर गरम पोहे-जिलबी खाऊन मी सोनागिरीला ताईच्या घरी पोचले, तेव्हा भाऊजी परसातल्या दुधीच्या वेलाखाली उभे होते. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून त्या वेलात त्यांचा जीव.

"घरचं बी आहे," ते म्हणाले. "उद्या रस पाजतो तुला."

सकाळी मी अंघोळ करून आले, तोवर त्यांचा पेला रिकामा झाला होता. मी माझा तोंडाला लावला आणि पहिलाच घोट थुंकून टाकला.

"भाऊजी, विषासारखा कडू आहे हा!"

"औषध कधी गोड असतं का?" ते हसले.

थोड्याच वेळात ते न्हाणीघराच्या दाराशी कोसळले. उलट्या थांबेनात. मग उलटीत रक्त दिसलं. ताई नुसती "अहो, अहो" करत राहिली. शेजारच्या मिश्राजींनी गाडी काढली.

"लौकी कड़वी थी, तो पी क्यों ली?" ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

महाराणा प्रताप नगरचा सिग्नल सुटेना. भाऊजींचा हात माझ्या हातात गार पडत चालला होता. मी नवस बोलत होते. कोणत्या देवाला, आठवत नाही.

दवाखान्यात सलाईन लावलं, तरी रक्तदाब वर येईना. डॉक्टरीणबाई नागपूरकडच्या निघाल्या.

"यावर उतारा नाही. शरीरानंच तग धरायला हवा," त्या म्हणाल्या. "जवळपास रानटी वेल होता का?"

"गेल्या वर्षी भिंतीवर कडू भोपळा चढला होता," ताई पुटपुटली. "यांनी शोभेला ठेवला."

"त्याचा पराग तेव्हाच्या दुधीला लागला असणार. मूळचा भोपळा कडूच, जनावरांनी खाऊ नये म्हणून. पहिल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या कमी कडू फळांचं बी राखलं, तेव्हा तो गोड झाला. संकर झाला, की जुना कडूपणा बियांतून परत येतो."

दुपार कलल्यावर रक्तदाब चढू लागला. भाऊजींनी डोळे उघडून पाणी मागितलं, आणि तोवर न रडलेली ताई हुंदके देऊ लागली.

ते घरी आले, तेव्हा मीच तो वेल उपटला.

नाशिकला परतल्यावर दुधी चिरताना हात थांबला. एक चकती जिभेला लावली. गोड होती. तरी आणखी एक चाखली. फार पूर्वी कधीतरी कुणा बाईनं भुकेली पोरं समोर बसवून, अनोळखी फळ असंच आधी स्वतः चाखलं असेल. तिला विचारायला डॉक्टर नव्हता.