बिनखिळ्याचा पूल

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकांइतका खिळ्यांचा द्वेष करणारा माणूस अख्ख्या सिंगापुरात दुसरा नसेल. दिवसभर ते वन-नॉर्थ भागातल्या ऑफिसात कॉम्प्युटरपुढे बसत, पण जीव अडकलेला चीनच्या डोंगरातल्या एका जुन्या, छप्पर असलेल्या लाकडी पुलात. सहलीला गेले असताना तिथल्या एका म्हाताऱ्या सुतारानं त्यांना तो दाखवला होता. एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या खाचेत. खिळा नाही, गोंद नाही. एखादी तुळई कुजली तर तेवढीच काढायची, नवी बसवायची. "खिळा ठोकला म्हणजे सुतारानं हात टेकले," हे काका कुणालाही ऐकवत. हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊच्या स्टॉल्सच्या बाजारात, जेवायला बसले की चॉपस्टिक्स एकमेकींत अडकवून दोन कपांवर पूल बांधत बसत, आणि नूडल्स गार होत. आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आले ते आधी टेबलाखाली शिरले. "सगळे स्क्रूच," खालून हताश आवाज आला. "अंकल, टेबल ओके लाह," माझ्या मुलीनं इथल्या शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत त्यांची समजूत घातली.

त्याच पुलाची हातभर लांब प्रतिकृती ते चार वर्षं करत होते. दर रविवारी सकाळी, कुणाची तक्रार नको म्हणून हातोडीला जुना पायमोजा चढवून. पूर्ण झाली की चीनला नेऊन त्या सुतारासमोर ती सुटी करायची आणि पुन्हा जोडून दाखवायची, एवढीच त्यांची हौस होती.

प्रतिकृती पुरी होत आली असताना काका आठवडाभर पुण्याला गेले. झाडांना पाणी घालायला किल्ली माझ्याकडे होती. मुलीचा धक्का लागून पुलाचा एक खांब निसटला. मी तो तुळईत परत बसवला, तर डगमगायला लागला. मग मी खाचेत थेंबभर गोंद सोडला. काकांना काही कळलं नाही, आणि आपण फार शहाणपणा केला असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी त्यांचा इथे नोकरी करायचा पास वाढवून मिळाला नाही. वाटेत चीनला उतरून मग पुण्याला जायचं त्यांनी ठरवलं. मी सामान बांधायला गेलो, तेव्हा ते सराव म्हणून एकेक सांधा हलकेच ठोकून सोडवत होते. तो खांब मात्र सुटेना. तासभर खटपट झाली.

"माझंच माप चुकलं रे," काका खाली बसत म्हणाले. "सुटत नाही तो सांधा कसला? आता कुठल्या तोंडानं जाऊ त्यांच्याकडे?"

मी तोंड उघडलं, पण म्हणालो एवढंच, "काका, चहा टाकू का?"

काका थेट पुण्याला गेले. तो चिकटलेला जोड माझ्याकडेच ठेवून गेले. तो कपाटात आहे आणि कपाट उघडताना मला अजून लाज वाटते. अधूनमधून त्यांचा फोन येतो. कागदावर सगळी मापं पुन्हा मांडून, आपलं नक्की कुठे चुकलं ते अजून शोधतायत. मी ऐकून घेतो.