मंगळवारचे झटके

भूत, भानामती, करणी, अंगात येणं... यातल्या कशावरही माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही नाही, असं ठणकावून लिहायला घेतलं होतं, पण ते वाक्य दोनदा खोडलं. आमच्या करमाडच्या भावकीत कुणाच्या अंगात यायला लागलं की मी मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायचे, "यांची शुगर तपासली का?" त्यामुळे नातेवाइकांत माझी ख्याती काय असेल ते तुम्हीच ओळखा.

मी पडेगावला राहते, दौलताबाद रोडच्या जरा आत, एका लहानशा रो-हाउसमध्ये. नवरा, सचिन, शेंद्र्याच्या एका कंपनीत आहे. म्हणजे शहराचं हे टोक ते ते टोक, सकाळी कंपनीची बस पकडतो तो दिवेलागणीलाच परत येतो. मी एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवायचे. हे "शिकवायचे" लिहायची अजून सवय झालेली नाही.

एके दिवशी वर्गात फळ्यासमोरच पडले. हातपाय झाडत होते म्हणे. शुद्धीवर आले तेव्हा नाकाशी कुणाचा तरी बूट होता आणि भोवती अख्खी शाळा. मग सरकारी घाटीपासून खासगीपर्यंत सगळे दवाखाने झाले, डोक्याचा फोटो झाला, मेंदूचा आलेख निघाला. सगळं नॉर्मल. आणि "नॉर्मल" हा शब्द आमच्या घरात असा पसरला की जणू मी कॉपी करताना सापडले! "काही नसताना कशी पडते?" सासूबाईंनी फोनवर विचारलं. मला काय माहीत? मी तर पडलेली असते.

शेवटी एका समुपदेशक मॅडमकडे गेले. त्यांनी पहिल्यांदा नीट सांगितलं. याला फंक्शनल सीझर म्हणतात. मेंदूत बिघाड नाही, पण ताण आला की मधेच सगळी यंत्रणा हँग होते. "तुम्ही मुद्दाम करत नाही," त्या म्हणाल्या, "आणि हे खोटंही नाही. पण झटका यायच्या आधी शरीर सांगतं. ते ऐकायला शिका." मी तिथंच रडले. इतक्या दिवसांत कुणीतरी माझ्या बाजूने बोललं होतं.

मग मी कामाला लागले. विज्ञानाची बाई, निरीक्षणं नोंदवणं हा माझा प्रांत! मोबाइलच्या कॅलेंडरवर प्रत्येक झटका लिहायचा. आधी काय खाल्लं, झोप किती झाली, कोण होतं, काय बोलणं चाललं होतं. हळूहळू चित्र दिसायला लागलं. आधी डाव्या हाताचा अंगठा बधिर होतो. मग माणसांचे आवाज पातेल्यातून आल्यासारखे येतात. ते झालं की लगेच खाली बसायचं, तळपाय फरशीला घट्ट टेकवायचे आणि समोर दिसेल त्या वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. पंखा. पडदा. कॅलेंडर. सचिन चिडवायचा, "घराचा लिलाव करतेस का?" पण झटका परत फिरायचा. खरंच फिरायचा.

कशाने येतो तेही कळलं. उपाशी राहिले की, सगळे एकदम बोलायला लागले की, आणि सगळ्यात जास्त उदाच्या धुराने. आमचे दादा, म्हणजे वडील, गेले तेव्हा करमाडच्या घरात दिवसरात्र ऊद जळत होता. तो वास आला की मी आजही त्या ओसरीत उभी असते.

राहिला प्रश्न झटका सुरू असतानाचा. तेव्हा मी नसतेच. त्या वेळी बघायला माझं कुणीतरी हवं होतं, म्हणून ताईला बोलावलं. माझी सख्खी मोठी बहीण. आई लवकर गेली, तिनेच माझ्या वेण्या घातल्या. मूल नाही म्हणून तिच्या नवऱ्याने दुसरी केली, तेव्हापासून ती करमाडला भावाकडे, भावजयीच्या हाताखाली. मला वाटलं, तिचीही सुटका होईल.

मी तिला सगळं समजावून सांगितलं. हात लावायचा नाही. कांदा-चप्पल नाकाला लावायची नाही. गर्दी होऊ द्यायची नाही. मॅडमना दाखवायला मोबाइलवर शूटिंग घ्यायचं. आणि ऊद घरात आणायचाच नाही. ताईने एकेक गोष्ट परत म्हणून दाखवली. "तू नगं काळजी करू," म्हणाली, "म्या हाय ना."

घराबाहेरचे झटके जवळजवळ थांबले. छावणीच्या गुरुवारच्या बाजारात एकटी जाऊन आले, तेव्हा तर पेढे वाटावेसे वाटले. शाळेने जागा अजून धरून ठेवली होती. मॅडम म्हणाल्या, "काही महिने सलग शांत जाऊ देत, मी शाळेला पत्र देते." एवढंच हवं होतं मला. खडू, फळा आणि मागच्या बाकावरची ती मस्तीखोर पोरं.

पण मंगळवार सुटेना. दुपारी जेवून आडवी व्हायचे, आणि जाग यायची ती अंग ठेचल्यासारखं दुखत. अंगठा बधिर झाल्याचं आठवत नसे. ताई उशाशी बसलेली. "आला व्हता गं. थोडी थरथरलीस, मग निजलीस." व्हिडिओही तेवढाच, थरथरण्याचा. मॅडम विचारायच्या, "मंगळवारी वेगळं काय असतं?" मी डोकं खाजवून खाजवून दमले. सोमवारचा उपास सोडला. मंगळवारचं न्हाणं बुधवारी नेलं. कधीकधी उशीला उदाचा वास यायचा. ताई म्हणाली, शेजारच्या काकू लावतात. मी जाऊन त्या बिचाऱ्या काकूंशी भांडून आले! त्या म्हणाल्या, आमच्याकडे तर दम्याचा पेशंट आहे. मला वाटलं, खोटं बोलतायत.

पावसाळा सरत आला होता. रस्त्याच्या कडेला सीताफळवाल्या बसायला लागल्या होत्या. मी एका पाटीपाशी वाकले, आणि ती बाई माझ्याकडे बघतच राहिली. मग उठली आणि भर रस्त्यात माझ्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, माझी लेकरं वाचली वो!"

मी पाय मागे घेतले. "मावशी, माणूस चुकलंय तुमचं."

"न्हाई चुकलं. पडेगावच्या आईच ना तुमी? तुमच्या ताईंनी बसवलं व्हतं आमाला मंगळवारी. आमी घरामागं शोषखड्डा घेनार व्हतो. तुमी म्हनलं, मागं पोकळ हाय, लेकरं तिकडं जाऊ देऊ नका. म्या कुंपन घातलं. अन् परवाच्या पावसात ती जागा खचली बगा... खाली हीर निघाली. वरून बुजवलेली. माझ्या सासऱ्याला बी ठाव नव्हती."

तिचं नाव सुमनबाई. मला त्यातलं एकच ऐकू आलं होतं. *तुमच्या ताईंनी बसवलं.*

घरी जाऊन ताईला विचारायचं सोडून मी सुमनबाईंबरोबर दौलताबादला गेले. का, ते सांगता येत नाही. कदाचित बाई भ्रमिष्ट निघावी अशी आशा होती. शेअर रिक्षातून उतरून गल्लीत शिरलो. त्या गल्लीत मी जन्मात पाय ठेवला नव्हता, शपथेवर सांगते. घरामागे बाभळीच्या काट्यांचं कुंपण होतं आणि त्याच्या आत जमिनीने आ वासलेला. खाली घडीव दगडांची गोल चिरेबंदी, तळाशी गढूळ पाणी. कुंपणाच्या अलीकडे सुमनबाईंची दोन नातवंडं उभी होती, नाक पुसत.

माझा अंगठा बधिर झाला.

तोवर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, सगळ्या एकदम बोलत होत्या. आवाज पातेल्यात गेले. मी मटकन खाली बसले, तळपाय मातीत रोवले आणि म्हणायला लागले, "बादली. तार. चप्पल. पत्रा. शेळी." एकदम शांतता झाली. डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहिलं, तर बायांनी हात जोडलेले. एकीने पदर डोक्यावर घेतला. दुसरी तिला कुजबुजत होती, "शेळी म्हनली... आपली शेळी आजारी हाय ना गं?" कुणीतरी हळदी-कुंकवाची कोयरी आणायला पळालं. मी ओरडले, "काही नाही आलंय माझ्या अंगात! मी आजारी आहे!" तर सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. झटका परतवला मी, पण हसावं की रडावं ते कळेना.

घरी आले. ताई मेथी निवडत होती. मी चपला न काढताच विचारलं, "ऊद कुठाय?"

तिने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही. देवघराखालच्या कप्प्याकडे नुसती मान केली.

"तू पैल्यांदा आपोआप बोललीस गं," ती म्हणाली. "झटक्यात. म्या न विचारता. वैनीचं हरवलेलं डोरलं पिठाच्या डब्यात हाय म्हनलीस, म्या फोन करून वैनीला सांगितलं, अन् घावलं ना तिथंच! वैनीनं आनिक कुनाला सांगितलं. मंग बाया यायला लागल्या. लई लांबून येतात गं, रडत येतात. त्यांना न्हाई कसं म्हनू?"

"मग झटका यायची वाट बघायचीस. ऊद का लावलास?"

"तूच सांगितलं व्हतंस, उदानं येतो म्हनून."

हो. मीच सांगितलं होतं. जे होऊ नये म्हणून सांगितलं, तेच तिने करायची रीत म्हणून वापरलं. आणि मी त्या मंगळवारांसाठी उपास सोडत बसले, काकूंशी भांडत बसले, मॅडमसमोर कॅलेंडर उघडून कपाळाला हात लावत बसले. ती शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकायची. मान डोलवायची!

"माझी नोकरी, ताई..."

"तुला काय तरास झाला गं? तुला तर आठवत बी नाय." मग खाली बघत म्हणाली, "मला आयुष्यात पैल्यांदा लोक ताई म्हनून वाकत्यात. करमाडात मला कोन इचारतं?"

राग इतका होता की दया येत होती त्याचाही राग आला. मी तिचा मोबाइल मागितला. मला पाठवायची ते तुकडे होते, अख्खे व्हिडिओ तिच्याकडेच असणार. तिने दिला.

सुमनबाईंच्या मंगळवारचा लावला. माझा पलंग. उशाशी धुपाटणं. चटईवर बसलेल्या बाया. माझे डोळे मिटलेले. आणि मी बोलते, अगदी माझ्या रोजच्या आवाजात, "ताई, ऊद विझव गं. गुदमरतंय मला." कॅमेऱ्यामागून ताई बायांना सांगते, "थांबा जरा. आजून हीच बोलतीय." मी परत म्हणते, "ताई, नको ना." ताईचा हात चित्रात येतो आणि निखाऱ्यावर आणखी एक चिमूट टाकतो.

मग झटके. मग जरा वेळ काहीच नाही. आणि मग, ओठ जेमतेम हलवत, सपाट आवाजात, "मागं पोकळ हाय. लेकरं जाऊ देऊ नगा." गेली कित्येक वर्षं मी "हाय" म्हणत नाही. शाळेत मुलं हसायची म्हणून सोडलं होतं.

ताई दुसऱ्याच दिवशी करमाडला गेली. त्यानंतरचे मंगळवार शांत आहेत. मॅडमनी पत्र दिलं, मी ते घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापकांनी पाणी दिलं, चहा दिला आणि म्हणाले, "पालकांमध्ये चर्चा आहे, मॅडम. अंगात येणाऱ्या बाई म्हणून... तुम्ही समजून घ्या." माझा वर्ग आता दुसऱ्या बाईंकडे आहे.

सचिनला सगळं दाखवलं. तो म्हणाला, "ताईंचं चुकलंच. पण लेकरं तर वाचली ना गं?" आणि त्या आठवड्यात, अगदी सहज, हसत हसत विचारलं, त्याचं प्रमोशन होईल का! मी उठून आत गेले.

मॅडम म्हणतात, अशा अवस्थेत माणूस बोलू शकतो, त्यात नवल नाही. विहिरीचं म्हणाल तर योगायोग. तो भाग जुना आहे, खाली काय काय असेल. मी डोरल्याचंही समजू शकते, वैनी विसरभोळी आहे. पण न पाहिलेल्या घराची मागची बाजू? ती नातवंडं? मी खूप डोकं लावलं. जुनी माणसं शोधून विचारलं. त्या विहिरीबद्दल कुणालाही काही माहीत नव्हतं. ती दोन मुलं जिवंत आहेत याचा मला आनंद आहे, मनापासून आहे, आणि प्रत्येक जण ते माझ्या तोंडावर मारतो तेव्हा मला गप्प बसावं लागतं.

तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पोकळ आहे असं सांगणारं ते कोण होतं, मला माहीत नाही. त्याच्या आधी "ताई, नको ना" कोण म्हणालं, ते मात्र मला पक्कं माहीत आहे. आणि ते ताईलाही माहीत होतं.