यशोदाकाकीचा डावा हात

वेंगुर्ल्याच्या त्या काजू कारखान्यात यशोदाकाकीच्या जिभेला सगळ्या बायका वचकून असत. ती मुकादम नव्हती, पण गर निवडणाऱ्यांत सर्वांत जुनी, आणि मालक तिचं ऐकायचा. अख्खा गर, पाकळी, तुकडा. तिची बोटं झरझर वेगळं करत. चहाच्या सुट्टीतही तिचे हात थांबत नसत. बायका तिला हावरी म्हणत.

हावरी कसली, भेदरलेली होती ती! डावा हात रिकामा राहिला की आपोआप कापू लागायचा. कामात गुंतवला, गरांच्या राशीत खुपसला, की कुणाला कळत नसे. आणि कळलं तर काय होतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? शेजारी गर निवडणाऱ्या सीतेचा हात कापू लागला तेव्हा हिनेच चारचौघींत ऐकवलं होतं, "तुझो हात कापता गो. घराक जा." मालकाने सीतेला त्याच दिवशी काढलं. ती पदरात तोंड लपवून गेली आणि हिला त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही. सीतेची सून भक्ती मात्र तिथेच, मान खाली घालून काम करत राहिली.

यंदा गर निवडायला कॅमेरा आला. सोबत आलेला इंजिनीअर ओंकार बायकांना म्हणाला, "हा फोटो काढत नाही. डोळा आणि मेंदू जसे मिळून बघतात, तसा बनवलाय. जे हलतं, बदलतं, तेवढंच टिपतो. स्थिर वस्तू त्याच्या लेखी नसतेच. म्हणून पट्ट्यावरून धावणारा गर तो झटक्यात ओळखतो." हे यंत्र चाललं तर बायकांना कोण ठेवणार होतं?

तपासणीसाठी ओंकारने पट्टा आणि पंखे बंद केले. "हात पट्ट्यावर ठेवा. कुणी हलू नका. यंत्राचा हा पडदा पूर्ण काळा व्हायला हवा."

पडदा काळा झाला. फक्त एका कोपऱ्यात पाच बोटं लुकलुकत राहिली.

ओंकारने वायरी तपासल्या, यंत्र बंद करून पुन्हा लावलं. बोटं तशीच. "सेन्सर खराब दिसतोय," तो वैतागून म्हणाला.

"मग न्या परत," मालक म्हणाला. दोघांचे डोळे पडद्यावरच खिळले होते.

हात कुणाचा, हे बायकांना समोरच दिसत होतं. नुसतं गप्प बसायचं होतं. यंत्र आल्या वाटेने गेलं असतं. यशोदाकाकीने कधी नव्हे ती गयावया केली, नुसत्या डोळ्यांनी, आणि तीही भक्तीकडे बघून.

"साहेब, मशीन चांगलं आहे," भक्ती म्हणाली. "काकींचा हात बघा." मग काकीकडे वळून हळूच म्हणाली, "तुझो हात कापता गो. घराक जा."

काकी त्याच दिवशी गेली. यंत्र राहिलं. हंगाम संपायच्या आत भक्तीसकट सगळ्या बायकांना घरी पाठवलं आणि बाकीच्या तिला शिव्याशाप देत गेल्या.

भक्ती घरी पोचली तेव्हा सीता ओसरीवर बसली होती. सुनेने सांगितलं ते तिने ऐकलं, पण तिला काही उमजेना.

"तुका कित्याक काढल्यानी गो?" तिने विचारलं. "तुझे हात तर बरे आसत."