पी शून्य तीन तीन पाच

गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा प्रतिभा कोकरेच्या मागून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर येत होता. नोव्हेंबरातला रविवार होता. साडेपाच वाजून गेले होते आणि न्हावरे पाचेक किलोमीटर मागं पडलं होतं. शेजारच्या सीटवर तिचे वडील, भैरू आप्पा, डोळे मिटून बसले होते. छातीच्या तपासणीसाठी तिनं त्यांना दोन दिवस कारेगावला आपल्या घरी आणलं होतं आणि आता ती त्यांना वरवंडला सोडायला निघाली होती.

इंजिन काहीच आवाज न करता गेलं. आधी काटा खाली आला, मग इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला आणि स्टिअरिंग असं जड झालं की दोन्ही हातांनी ओढूनही वळेना. ब्रेकवर पाय दिला तर तोही दगडासारखा. मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवत आला आणि वळसा मारून पुढं गेला. ट्रॉलीतून लोंबणारे उसाचे शेंडे तिच्या काचेला घासून गेले. गाडी कशीबशी कडेच्या मातीत उतरून थांबली.

"काय झालं गं?" आप्पांनी डोळे उघडले.

"काय न्हाई आप्पा. थांबलीय जरा."

दोन्ही बाजूंना ऊस होता, माणसाच्या उंचीपेक्षा उंच. त्या महिन्यात त्या पट्ट्यात सगळ्यांच्या तोंडी एकच विषय होता, बिबट्या. ठिकठिकाणी पिंजरे लागले होते. पोरं घोळक्यानं शाळेत जात होती. काही गावांत तर बाया गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालून खुरपायला जात होत्या. आप्पांनी दाराच्या कडीला हात घातला.

"उतरू नका आप्पा!"

"अगं, लघवी लागलीय."

"दाबून धरा. काच पण लावून घ्या."

आप्पांचा जन्म मेंढरांमागं गेला होता. या सगळ्या मुलखातून ते पायी हिंडले होते. काच लावता लावता ते म्हणाले, "आमच्या टायमाला हितं नुसतं माळरान हुतं. लांडगा यायचा. पर लांब असतानाच दिसायचा." एवढं बोलून त्यांनी काच पुरती लागली का ते दोनदा चाचपून बघितलं. त्यांनाही भीती वाटते आहे हे प्रतिभाला पहिल्यांदाच कळलं, आणि त्यानं तिची भीती दुप्पट झाली.

वीस मिनिटांनी चावी फिरवली तर गाडी काहीच झालं नसल्यासारखी सुरू झाली.

प्रतिभा एकेचाळीस वर्षांची. रांजणगावच्या एका कंपनीत ती क्वालिटीला आहे. लाइनवरून येणारे भाग मोजून पास-नापास करायचं तिचं काम. नवरा ज्ञानदेव दुसऱ्या कंपनीत शिफ्टवर असतो. त्याला गाडी चालवता येत नाही आणि शिकायचीही नाही. अकरा वर्षं जुनी ही पेट्रोल गाडी तिनंच हट्टानं घेतली होती, आप्पांसाठी. तिचा भाऊ ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. वरवंडला आप्पांजवळ एकटी भावजय, गिताबाई.

सोमवारी ती गाडी गॅरेजला घेऊन गेली. मिस्त्रीनं स्टिअरिंगखाली एक मशीन जोडलं, दोन बटणं दाबली. पिवळा दिवा विझला.

"काय होतं?"

"सेन्सर-बिन्सर असतंय ताई. पुसून टाकलं. जावा बिनधास्त."

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा बंद पडली, ती नगर रस्त्यावरच्या चौकात, भर वाहतुकीत. एक कंटेनर तिच्या दारापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. ड्रायव्हर हिंदीतून शिव्या देत होता आणि प्रतिभाला त्या ऐकू येत नव्हत्या. तिच्या कानात नुसता ठोका वाजत होता. पुन्हा वीस मिनिटं. पुन्हा गाडी सुरू. मिस्त्रीकडं नेली तेव्हा ती उभ्या उभ्या तासभर गुरगुरत राहिली. मिस्त्री म्हणाला, "माझ्यासमोर बंद पडली तर मी काय तरी सांगणार ना? पंप बदलून बघू का?"

लाइनवर जो दोष कायम असतो त्याची प्रतिभाला भीती नव्हती, तो सापडतो. जो कधी असतो आणि कधी नसतो, त्यानं तिची झोप उडायची. आता तोच दोष तिच्या गाडीत बसला होता. दिवा पुसला म्हणजे काय पुसलं, हा प्रश्न तिला सोडेना. जे काही लिहून ठेवलं होतं ते वाचायच्या आधीच त्या माणसानं फाडून टाकलं होतं, असं तिला वाटू लागलं. आपल्याकडे आपलं मशीन पाहिजे, हे तिनं त्या रात्री ठरवलं.

मोबाइलवर शोधलं तर अशी मशीनं ढिगानं होती. आगपेटीएवढ्या निळ्या डबीपासून ते सुटकेसमध्ये येणाऱ्या टॅबपर्यंत. तिनं सगळ्यात स्वस्त ती निळी डबी मागवली. ती स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये लावायची आणि ब्लूटूथनं फोनला जोडायची. डबी जोडली जायची, सुटायची, पुन्हा जोडली जायची. रविवारी दुपारी पिवळा दिवा पुन्हा लागला होता, तेव्हा तिनं घाईनं डबी लावली. फोनवर हिरव्या अक्षरांत आलं, दोष नाही.

समोर दिवा जळत होता. आणि मशीन सांगत होतं, दोष नाही.

काही कळत नव्हतं तेव्हा भीती होती; पण खोटं सांगणाऱ्या मशीनची भीती निराळीच. दुसऱ्या दिवशी डबी परत पाठवून दिली.

कंपनीतल्या मेंटेनन्सच्या सत्यजीतला तिनं जेवणाच्या सुट्टीत गाठलं. तो स्वतःची गाडी दारातच दुरुस्त करतो हे तिला ठाऊक होतं. त्यानं डबा बाजूला सारला आणि नीट ऐकून घेतलं.

"ताई, त्या डब्यांत नकली लई. सगळ्याच खोट्या न्हाईत, पर कुठली खरी ते वरून कळत न्हाई. तुम्ही वायरचं घ्या, त्याला स्वतःचा स्क्रीन असतोय. फोनची भानगड नको."

"मोठं घेऊ का? त्यात एअरबॅग, ब्रेक सगळं दिसतं म्हणतात."

"कशाला? तुमचं दुखणं इंजिनाचं हाय. पर तीन गोष्टी बघूनच घ्या. एक, तुमच्या गाडीचं मॉडेल आन् साल त्याच्या यादीत पाहिजे. दोन, गाडी चालू असताना आकडे हलताना दिसले पाहिजेत, नुसता दोषाचा नंबर, कोड, न्हाई. आन् तीन, गाडी बंद पडली त्या क्षणाला इंजिन किती गरम होतं, स्पीड किती होता, ह्याची नोंद त्यानं दाखवली पाहिजे. ही नोंद मिस्त्रीनं पुसली बघा."

"आन् कोड आला की तो पार्ट बदलायचा?"

"न्हाई, न्हाई. कोड म्हंजी कुठं बघायचं ते. काय बदलायचं ते न्हाई."

निळ्या डबीच्या तिप्पट किमतीचं, पण मोठ्या मशीनच्या मानानं खूप स्वस्त असं एक तळहाताएवढं यंत्र तिनं निवडलं. मागवण्याआधी आपल्याच मॉडेलच्या मालकांनी काय लिहिलंय ते दोन संध्याकाळी वाचलं. यंत्र आलं आणि तिनं ते दोन दिवस उघडलं नाही. आईच्या शेवटच्या आजारात तिचा रिपोर्ट आला होता तेव्हाही पाकीट असंच टीव्हीवर पडून होतं.

"अगं, लाव की एकदाचं," ज्ञानदेव म्हणाला.

"लावते. पण इंजिनच गेलंय असं निघालं तर?"

"तर गाडी इकू."

"आन् आप्पांचं?"

त्यानं यंत्राचं खोकं तिच्या हातात दिलं. ती खाली गेली, सीटवर बसली आणि सॉकेटमध्ये वायर खुपसली. स्क्रीनवर काळी अक्षरं उमटली, P0335. तिनं मोठ्यानं वाचलं, "पी शून्य तीन तीन पाच." खाली नोंद होती, इंजिन सत्त्याण्णव डिग्री, वेग शेहेचाळीस.

सत्यजीतनं फोनवर सांगितलं, "क्रँक सेन्सर. इंजिन फिरतंय हे गाडीच्या कंप्युटरला सांगतो तो. गरम झाला की मुका होतोय, मग कंप्युटर पेट्रोलच बंद करतो. आधी वायर तपासा. ती चांगली असंल तर सेन्सर." वायर त्यानंच येऊन बघितली, ती धड होती. सेन्सर मागवला. यायला तीन दिवस लागणार होते. "तवर लांब जाऊ नका," तो म्हणाला. मग पुढं म्हणाला, "आन् अडकलाच तर सेन्सरवर गार पाणी वता. इंजिनाच्या मागच्या अंगाला, खाली बोटाएवढा काळा हाय. थंड झाला की बोलंल परत."

दुसऱ्याच दिवशी चारच्या सुमाराला गिताबाईचा फोन आला. आप्पांना दम लागला होता. शेजाऱ्यांच्या जीपमधून त्यांना केडगावच्या दवाखान्यात नेलं होतं.

"डॉक्टर भरती करा म्हणतेत वन्सं, आन् हे ऐकंनात. प्रतिभा आल्याबगर सुई टोचून घेणार न्हाई म्हणतेत. आक्सिजनची नळी काढून टाकली त्यांनी दोनदा. तुम्ही लवकर या वं."

"फोन द्या त्यांच्याकडं."

फोनवर नुसता श्वास ऐकू आला, घरघर लागलेला. मग, "कवा येतीस?"

"निघाले आप्पा."

ज्ञानदेव शिफ्टवर होता, फोन लॉकरमध्ये. भाड्याची गाडी तासाभरानं मिळणार होती. प्रतिभानं पाण्याच्या तीन बाटल्या भरल्या, यंत्र सॉकेटला लावलं, स्क्रीन शेजारच्या सीटवर ठेवला आणि निघाली.

शिरूर सोडेपर्यंत ती रस्त्यापेक्षा स्क्रीनकडंच बघत होती. इंजिन ब्याऐंशी डिग्री. अठ्ठ्याऐंशी. एकदा समोरून बस आली तेव्हा भानावर येऊन तिनं स्वतःलाच मोठ्यानं बजावलं, पुढं बघ. त्यानंतर फक्त मोकळ्या रस्त्यावर नजर टाकायची असं ठरवलं. वेग कमी ठेवला. मागून येणाऱ्यांना हात दाखवून पुढं सोडलं. न्हावरे गेलं. त्र्याण्णव. ऊन उतरलं होतं आणि उसाच्या सावल्या रस्त्याच्या मध्यापर्यंत आल्या होत्या. पारगावच्या अलीकडं इंजिन चालू असतानाच स्क्रीनवरचा इंजिनाच्या फेऱ्यांचा आकडा एकदम शून्य झाला, परत आला, परत शून्य. तिला समजलं. गाडी मरायच्या आधीच तिनं ती कडेला घेतली आणि धोक्याचे दिवे लावले. मग इंजिन गेलं.

वीस मिनिटं काच लावून बसता आलं असतं. त्या वीस मिनिटांत तिकडं आप्पा नळी किती वेळा काढतील, हे तिला माहीत नव्हतं. रस्ता दोन्हीकडं रिकामा होता. तिनं तिन्ही बाटल्या घेतल्या. एकदा उसाकडं बघून घेतलं आणि दार उघडलं.

बॉनेट वर केलं की तिला समोरचं काही दिसेना. वाकून इंजिनाच्या मागं बघायचं तर उसाकडं पाठ करावी लागत होती. तिनं पाठ केली. काळा बोटाएवढा भाग दिसला. पाणी ओतलं, वाफ अंगावर आली. दुसरी बाटली. तेवढ्यात मागं ऊस सळसळला. वाऱ्याची सळसळ सगळीकडून येते. ही एकाच जागेवरून आली, खालून, आणि थांबली. पळावं असं पायांना वाटत होतं आणि पाय हलत नव्हते. तोंडातून आवाज काढायला पाहिजे हे तिला ठाऊक होतं, मोबाइलवर येणाऱ्या सूचनांत तेच असायचं. ती ओरडली. काय ओरडावं ते न सुचून ती ओरडली, "पी शून्य तीन तीन पाच! पी शून्य तीन तीन पाच!" आणि रिकामी बाटली बॉनेटवर आपटत राहिली, तिसरी बाटली मात्र दुसऱ्या हातानं ओतत राहिली.

मग बॉनेट आदळलं, आत शिरली, दार ओढलं. चावी फिरवली. लागली नाही. परत फिरवली. आकडा शून्यावरून उडाला, सातशे, नऊशे, आणि इंजिन धडधडलं. उसात काय होतं ते तिनं वळून पाहिलं नाही. डुक्कर असेल, कुत्रं असेल. तिला ते आजही माहीत नाही.

भीमेच्या पुलावर तिला रडू आलं. गाडी न थांबवता ती रडली.

दवाखान्यात आप्पा उशीला टेकून बसले होते, ओठ निळसर. तिला बघून त्यांनी हात पुढं केला, सुईसाठी. नर्सनं सुई लावली. न्यूमोनिया होता. डॉक्टर म्हणाले, रात्र निघू द्या, मग बोलू. रात्र निघाली. आठ दिवसांनी आप्पा वरवंडला गेले, पण भावाच्या ओळखीच्या जीपमधून; प्रतिभानं त्यांना आपल्या गाडीत बसवलं नाही.

सेन्सर तिनं पुढच्या रविवारी कारेगावात, दारात, दिवसाढवळ्या बसवला. सत्यजीत आला होता, पण त्यानं हात लावला नाही, नुसतं सांगत राहिला. एकच बोल्ट, पण तो निघायला तास गेला. मग ती एकटी नगर रस्त्यानं चाळीस किलोमीटर जाऊन आली. आकडा एकदाही शून्य झाला नाही. तरी उतरली तेव्हा पाठ ओली होती.

त्यानंतर गाडी बंद पडलेली नाही. आजूबाजूच्या खोल्यांतले लोक आता कुठलं मशीन घेऊ म्हणून तिला विचारायला येतात. ती मॉडेल आणि साल विचारल्याशिवाय काही सांगत नाही. दर रविवारी ती वरवंडला जाते. सकाळी निघते, तीनच्या आत परत फिरते. अनिता नावाच्या लाइनवरच्या मैत्रिणीनं एकदा विचारलं, "आता तर सगळं ठीक झालंय ना? मग एवढी घाई का करतीस?"

"गाडीचं ठीक झालंय," प्रतिभा म्हणाली. "माझं अजून न्हाई."