मुख्य मार्गदर्शकाचा नारळ

माझ्या पुतण्याने मुलाखतीत सांगितले की, वयोमानामुळे काका स्वतःहून बाजूला झाले. हे धादांत खोटे आहे. बाजार समितीतल्या आडत्यांसाठी शेतमालाच्या सौद्याचे सॉफ्टवेअर करणारी आमची कंपनी आम्ही दोघांनी मिळून धाराशिवात काढली. पुण्याचा गुंतवणूकदार येताच पुतण्या सीईओ झाला आणि मला शाल पांघरून 'मुख्य मार्गदर्शक' करण्यात आले. त्या पदाला सहीचाही अधिकार नव्हता.

त्याच वर्षी सोयाबीनचा हंगामातला पहिला, मुहूर्ताचा सौदा नव्या सॉफ्टवेअरवर व्हायचा होता. घोळ झाल्यास जो जबाबदार, त्यानेच मुहूर्ताचा नारळ फोडायचा, ही आमच्या बाजारातली रीत. गुंतवणूकदारासमोर पुतण्याने नारळ उचलला. एका आडत्याने तो त्याच्या हातून काढून माझ्यापुढे धरला.

"काका, तुम्ही फोडा. उद्या घोळ झाला तर आमी पुण्याला जायचं व्हय?"

"मी नुसता मार्गदर्शक," मी म्हणालो. "जबाबदार सीईओ साहेब आहेत."

"मग ऱ्हाऊ द्या. यंदा सौदा तोंडीच."

पुतण्या कानाशी पुटपुटला, "काका, फोडा ना. घरचं घरी बघू."

"घरचं तू पुण्याच्या हाती दिलंस," असे म्हणून मी नारळ सोयाबीनच्या राशीवर ठेवून दिला. गुंतवणूकदार त्या नारळाकडे पाहतच राहिला. त्या हंगामात आमचे सॉफ्टवेअर एकाही आडतीवर चालले नाही.

मी बाजूला झालो नाही. मी नारळ फोडला नाही, आणि आज पुन्हा पुढे केला तरी फोडणार नाही.