रेडिएटरवरचं नाव

आमच्या घरात नाव नसलेली वस्तू सापडायची नाही. भांड्यांवर नावं सगळ्यांच्याच घरी असतात. लग्नात आलेला पाण्याचा पितळी गुंड असो की साधी वाटी, टिंबाटिंबांनी नाव कोरून घेतल्याशिवाय आमच्याकडे भांडं फळीवर चढत नाही. पण माझ्या बाबांनी, पवनीच्या भैय्यालाल साडीवाल्यांनी, छत्रीच्या दांडीवर, सायकलच्या पंपावर आणि पाहुण्यांच्या लोखंडी खुर्च्यांच्या खालूनसुद्धा नाव टाकून घेतलं आहे. खुर्ची घेऊन कोण पळणार, असं मी एकदा विचारलं. "पळनाऱ्याच्या मनात काय हाय, तुले ठाऊक हाय का?" असं त्यांनी मलाच विचारलं.

माणूस वाईट नाही. विणकरांच्या घरी कोणी आजारी पडलं तर सगळ्यांत आधी हेच पोचतात. फक्त संशय त्यांच्या अंगात मुरलेला आहे. दूध बोटाला लावून बघतात, डॉक्टरची गोळी उजेडात धरून बघतात. मी फोनवर हसले तर कोणाशी बोलत होतीस हे विचारत नाहीत, काहून हसली हे विचारतात. सगळ्या कुळाला पुरून उरेल एवढा संशय एकट्याने बाळगायचा म्हणजे कमाल आहे.

त्या संशयाने आमची मोटार तेहेतीस वर्षं कोंडून ठेवली. आजोबांनी घेतलेली, साठेक वर्षांपूर्वीची फियाट. हिला सगळे डुक्कर फियाट म्हणतात. मागच्या शेडच्या दाराला दोन कुलपं. एक बाबांचं, एक मोठ्या बाबांचं, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ गोमाजी यांचं. दोघे मिळून आल्याशिवाय दार उघडायचं नाही, आणि दोघे मिळून कधी आले नाहीत.

भांडण झालं ते माझ्या बारशाला. मी जन्मले तेव्हा बाबा साड्या घेऊन रायपूरला गेले होते. आईला कळा सुरू झाल्यावर मोठे बाबा आणि मोठ्या आईने, निर्मलाबाईंनी, तिला त्याच गाडीतून भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं. आईला एवढंच आठवतं की गाडी रस्त्यात कुठे थांबली नाही. बारशाच्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर बाबांनी सवयीने बोनेट उघडलं. गाडीच्या रेडिएटरवरही त्यांनी भांडेवाल्याकडून नाव कोरून घेतलं होतं, हे वेगळं सांगायला नको. ते नाव गायब. त्या जागी पितळेचा दुसराच पत्रा झाळून बसवलेला, वरून काळा रंग. नाव नाही म्हणजे रेडिएटरच बदललेला, असा बाबांचा हिशोब. मांडवभर पाहुण्यांसमोर बाबा ओरडले, "दादा, माहा अस्सल रेडिएटर कोनाले इकला?"

मोठे बाबा मानी होते. त्यांनी पानाचा विडा तोंडातून काढला आणि म्हणाले, "इकला. तुया नावासकट इकला. जा, काय करतं ते कर."

बाबांनी हे खरं धरलं. तेहेतीस वर्षं धरून ठेवलं. सहा वर्षांपूर्वी मोठे बाबा गेले तेव्हा बाबा तिरडीला खांदा द्यायला सगळ्यांत पुढे होते, पण घरी आल्यावर मला म्हणाले, "कोनाले इकला ते शेवटपर्यंत नाही सांगितलं पाय."

मागच्या दिवाळीला नागपूरहून जुन्या गाड्यांचा एक शौकीन आला. दाराच्या फटीतून गाडी पाहून त्याने विचारलं, "सगळे पार्ट ओरिजनल आहेत ना?" झालं. बाबांची झोप उडाली. "गाडी चालू करतो," त्यांनी जाहीर केलं, "आन् साऱ्याईसमोर रेडिएटर खोलतो. कोन चोर होता ते ठरून जाऊ दे." म्हणजे गाडीची हौस नव्हतीच. मेलेल्या भावाविरुद्ध पुरावा हवा होता. मला इतका राग आला की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

दुसऱ्या कुलपाची किल्ली आणायला मलाच पाठवलं. मोठी आई भिंतीपलीकडेच राहते. तिने किल्ली लगेच काढून दिली, पण विचारलं, "रेडिएटरबी खोलनार हाय का?" मी हो म्हटलं. ती उठून चुलीकडे गेली आणि उकळलेला चहा पुन्हा उकळत बसली. खोटं कशाला बोलू, बापाचं रक्त माझ्याही अंगात आहे. हिला काहीतरी ठाऊक आहे आणि ही लपवते आहे, असं मला त्या क्षणी पक्कं वाटलं. खरंच विकला असेल तर? या वयात चारचौघांत हिची मान खाली जायची. किल्ली परत करावी असंही मनात आलं.

कारध्याहून अश्वजित मिस्त्री आले. पन्नाशीचे, कमी बोलणारे, जुन्या इंजिनाला हात लावण्याआधी मिनिटभर नुसतं बघत उभे राहणारे. गाडीत उंदरांनी तीन पिढ्या काढल्या होत्या. मिस्त्रींनी प्लग काढून आत तेल सोडलं आणि आठ दिवस रोज थोडं थोडं हाताने इंजिन फिरवलं. बाबा समोर खुर्ची टाकून बसायचे. निघालेला प्रत्येक पार्ट जमिनीवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर मांडायचा आणि त्यावर ते खडूने 'भै' लिहायचे. एकदा मिस्त्रींच्या स्वतःच्या पान्यावरही 'भै' उमटलं. त्यांनी मुकाट्याने ते पुसलं.

नवव्या दिवशी रेडिएटरमध्ये पाणी भरलं, आणि ते नेमकं त्या पत्र्याच्या कडेने झिरपायला लागलं. "काढाच लागते हे ठिगळ," मिस्त्री म्हणाले. बाबांचा चेहरा उजळला. शेजारचे चौघे बोलावले. मला म्हणाले, "वयनीले बलाव. तिच्यासमोरच होऊ दे." मोठी आई आली, पदर घट्ट धरून उभी राहिली.

मिस्त्रींनी कड तापवली, पक्कडीने पत्रा उचलला आणि बघतच राहिले. "शेठजी, रेडिएटर तं तुमचाच हाय."

ठिगळाखाली बाबांचं नाव होतं. 'भैय्यालाल'. आणि रेडिएटरचा मूळ पत्रा फाटला होता तो त्या नावाच्याच टिंबांवरून, 'भै'पासून 'ल'पर्यंत सरळ चीर. "पातळ पत्रा," मिस्त्री म्हणाले, "त्याच्यावर छिन्नी मारली. नावानंच फाटला हा."

मिस्त्रींनी हातातलं ठिगळ उलटं केलं, फडक्याने पुसलं. रेडिएटरच्या आत वळवलेल्या बाजूवरही अक्षरं होती. मी वाकून वाचली. '…र्मला हीस मामाक…'

"निर्मला हीस मामाकडून," मोठी आई हळूच म्हणाली. "माहा लग्नातला गुंड व्हता तो."

"तुमी सांगितलं काहून नाही, वयनी?"

"शपथ घातली त्याईनं. भैय्याले सांगशील तं मी मेलो समज, म्हने. ते तं गेलेच, पन शपथ थोडीच जाते? आज भांडंच बोललं, तं सांगतो." मग तिने सांगितलं. कळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी रेडिएटर फुटला. नवा यायला आठ दिवस लागणार होते आणि आईचे दिवस भरलेले. घरात तेवढं जाड पितळ एकच होतं. "नाव आतून ठेवा, असं मीच म्हटलं कारागिराले," ती म्हणाली. "फुटलं तुया नावावरून, हे तुले समजलं असतं तं तुले वाईट वाटलं असतं, म्हून आमचे हे सांगनार नव्हते. तू बारशात बोलला, मंग ते हट्टालेच पेटले."

आणि मी, तिच्यावर संशय घेणारी मी, त्या गुंडामुळे दवाखान्यात जन्मले होते. मला रडू आवरलं नाही. बाबा खुर्चीवर बसले. बराच वेळ त्या चिरेवरून बोट फिरवत राहिले. "दादाले आता काय सांगू?" ते म्हणाले. शेजारचे एकेक करून निघून गेले.

शेवटी मिस्त्रींनी विचारलं, "नवा पत्रा लावू?"

"नाई. हेच लाव. नाव वरून ठेव."

"आन् तुमचं नाव?"

"ते खाली राहू दे."

पुढच्या रविवारी चौथ्या झटक्याला गाडी सुरू झाली. मोठी आई पुढे बसली, मी आणि आई मागे. भंडाऱ्याच्या अलीकडे कारध्याच्या पुलापाशी बाबांनी गाडी कडेला घेतली आणि खाली उतरून बोनेट उघडलं. पाच मिनिटं झाली तरी येईनात, म्हणून मी काच खाली करून विचारलं, "पाणी गळतंय का, बाबा?"

"नाई," ते म्हणाले. "नाव वाचून राहिलो."